नकोसा आवाज

सोमवारी सकाळी सव्वानऊला कराडच्या शुक्रवार पेठेत आमचे नारायणदाजी वारले, आणि नऊ वाजून पन्नास मिनिटांनी मला कळलं की मी कुणालाच नकोय.

पहिला फोन दाजींच्या धाकट्या भावाला साताऱ्याला लावला. रिंग वाजण्याआधीच कुणीतरी नाव विचारलं, मी सांगितलं. एका बाईचा, हळदीकुंकवाला बोलावत असल्यासारखा गोड आवाज आला, "नमस्कार. आपला आवाज या घराला नकोसा आहे. आपला दिवस शुभ जावो." मला वाटलं, नंबर चुकला. दुसरा लावला, मग तिसरा. तासाभरात वीस घरांनी माझा दिवस शुभ जावो म्हणून मला कटवलं. दाजी तोवर अंगणात पांढऱ्या चादरीखाली वाट बघत होते.

मी यशवंत वेल्हाळ. एकतीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, सात वर्षांपूर्वी निवृत्त झालो. याशिवाय माझ्याकडे आणखी एक काम आहे, त्यातून निवृत्ती नसते. भावकीत कुणी गेलं की सगळ्यांना कळवायचं. या कामावर मला कुणी नेमलेलं नाही. अठ्ठ्याण्णव साली थोरले काका गेले तेव्हा गल्लीत फोन आमच्याच घरी होता, म्हणून मी कळवलं. ते नीट कळवलं अशी चूक माझ्या हातून झाली. तेव्हापासून दोनशे चौदा घरांचं मयत माझ्या तोंडून जातं.

त्यासाठी एक रजिस्टर आहे. लांबच्यांना आधी कळवायचं, गाडी धरायला वेळ मिळतो. हृदयविकारवाल्यांच्या घरी सुनेला आधी. कोल्हापूरच्या मामींना सांगताना त्या बसल्यात ना, हे विचारून घ्यायचं. 'वाईट बातमी आहे' असं कधीही म्हणायचं नाही, कारण मग माणूस मनातल्या मनात आपलीच माणसं मोजायला लागतो. त्याऐवजी विचारायचं, "जेवलात का?" बातमी ऐकल्यावर घास उतरत नाही, म्हणून त्यांचं जेवण व्हायला हवं. झालं असेल तर चार वाक्यं. कोण गेलं, कधी गेलं, कुठे आहेत, माती किती वाजता. पाचवं वाक्य नको.

मला येणारे फोनही तसलेच. म्हणून फोन उचलल्यावर मी हॅलो म्हणत नाही. "कोण गेलं?" असंच विचारतो. वेळ वाचतो.

त्या सकाळी मी स्कूटर काढली आणि गावातल्या घरांना दारात जाऊन सांगितलं. मेसेज करता आला असता, असं तुम्ही म्हणाल. पण खोट्या मयताचे मेसेज पाठवून लोकांना लुबाडण्याचा धंदा दोन वर्षं इतका जोरात चालला होता की अशा मेसेजवर आता कुणी विश्वास ठेवत नाही. आणि रजिस्टर दुसऱ्या कुणाच्या हातात देणं मला जमलं नाही. बाहेरगावच्या घरांपर्यंत बातमी पोचली नाही. दाजींनी हयातीत निदान तीनशे मातींना हजेरी लावली होती. त्यांच्या मातीला अकरा माणसं होती. त्यातली निम्मी सत्तरीपुढची, खांदा बदलायलाही पुरेशी माणसं नव्हती. मी पासष्टाव्या वर्षी सलग नदीपर्यंत खांदा दिला.

तिसऱ्या दिवशी, एव्हाना एकमेकांकडून कळून, रक्षाविसर्जनाला सगळे आले, आणि आले ते माझ्यावरच.

"दादा, आमी काय मेलो हुतो का?" चुलतभाऊ शिवाजीनं चारचौघांत विचारलं. "एक फोन करायला हात मोडला हुता?"

"शिवा, तुझ्या घरात भिंतीवर ती पोळपाटाएवढी पांढरी चकती लावलीयस ना?"

"उंबरठा? लावलीय की. लई झ्याक हाय. एक फालतू फोन येत न्हाई आता."

"त्यातला एक फालतू मी होतो."

शिवाजीनं मला बाजूला घेतलं. मग म्हणाला, "खरं सांगू का दादा? राग मानू नका. ह्या दोन महिन्यांत घरात जरा बरं वाटत हुतं."

मी राग मानला.

आता ही चकती काय करते ते सांगायला हवं, कारण ती वाईट नाही हीच तिची मोठी अडचण आहे.

पूर्वी नकोसे फोन अडवायचे ते नंबर बघून. कर्ज घ्या, कार्ड घ्या, मी पोलीस स्टेशनातून बोलतोय, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, असले फोन करणाऱ्यांनी मग प्रत्येक फोनला नवा नंबर वापरायला सुरुवात केली. बोलायला माणसंही ठेवली नाहीत, आवाज यंत्रानं तयार केले. नंबरांची काळी यादी रोज वाढायची आणि रोज निरुपयोगी व्हायची. 'निवांत' नावाच्या कंपनीनं मग प्रश्नच उलटा केला. फोन कोण करतंय हे शोधण्यापेक्षा ऐकणाऱ्याला तो नको आहे का, हे मोजू.

हे मोजता येतं. माणूस घाबरला किंवा वैतागला की स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आवळतात. आवाज किंचित चढतो, त्यात बारीक कंप येतो. त्याच क्षणी श्वास अडकतो. चकतीतला छोटा रडार खोलीतल्या माणसाच्या छातीची हालचाल दहा फुटांवरून टिपतो. पहिल्या दीड सेकंदात एवढी मोजमापं झाली की शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. कंपनी त्याला नकोसा अंक म्हणते.

दुसऱ्या बाजूला, रिंग देण्याआधी नाव विचारून, बोलणाऱ्याच्या आवाजाचा ठसा घेतात. घशाची लांबी, नाकातला घुमार, शब्दांमधली विश्रांती या गोष्टी नंबर बदलला तरी बदलत नाहीत. यंत्रानं केलेल्या आवाजालाही त्या-त्या यंत्राची खूण असतेच. मग सगळ्या घरांतले ठसे आणि अंक एकत्र करायचे. एखाद्या आवाजानं चाळीस घरांत सत्तरच्या वर अंक गाठला की तो आवाज सगळ्याच घरांना बंद. एकाच घरात तीनदा गाठला तर तेवढ्या घराला बंद. घरातले सगळे फोन चकतीमागूनच जातात, त्यामुळे मागच्या दारानं कुणी शिरत नाही.

सहा महिन्यांत महाराष्ट्रातले फसवणुकीचे फोन जवळजवळ संपले. आणि त्यांच्यासोबत मी.

'निवांत'चं ऑफिस कॉलेज रोडला आहे. तक्रार फोनवरच नोंदवायची असते. मी फोन लावला. त्यांनी मला दिवस शुभ जावो म्हटलं. मग मी स्वतःच जाऊन समोर बसलो. काउंटरवर तिशीच्या सोनवलकर बाई होत्या. आलेल्या माणसानं चिडायचं असतं आणि आपण हसायचं असतं, असं प्रशिक्षण त्यांना दिलेलं होतं.

"सर, तुमचा सरासरी अंक चौऱ्याण्णव आहे," त्या हसून म्हणाल्या. "बनावट पोलिसांचासुद्धा एक्क्याऐंशीच्या वर जात नाही."

"बाई, मी मयत कळवतो. लोक मयताला घाबरतात, मला नाही."

"पण सर, ताण तुमच्या आवाजानंच सुरू होतो. बातमी तुम्ही नंतर देता. हा आलेख बघा. 'जेवलात का' इथंच श्वास थांबतो."

"दोन गोष्टी बरोबर येतात म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. हे मी एकतीस वर्षं बारावी पास झालेल्या पोरांना शिकवलंय. त्यांना समजायचं."

"हो सर. पण समजा, तुम्ही कधी मयत न कळवता सहज कुणाला फोन केला, तर आम्हाला तुलना करता येईल. तसा एखादा कॉल दाखवा ना. गेल्या वर्षातला चालेल."

तसा एकही कॉल नव्हता. त्यांनी मुद्दाम विचारलं नव्हतं. माहिती हवी होती म्हणून विचारलं होतं. त्यामुळे जास्तच संताप आला.

"एक उपाय आहे," त्या म्हणाल्या. "घरचं माणूस वैयक्तिक परवानगी देऊ शकतं. एक बटण दाबायचं असतं. तुमच्या मुलीच्या घरी आमच्या यंत्रणेनं विचारलंय." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. नियमात बसत नसावं, पण माझं तोंड बंद करायचा तोच एक मार्ग त्यांना दिसत होता. 'केतकी वेल्हाळ, नागपूर. या आवाजाने आपला श्वास थांबतो. तरी परवानगी द्यायची?' खाली तीन बटणं होती. हो. नाही. नंतर.

केतकीनं 'नंतर' दाबलं होतं. पस्तीस दिवसांपूर्वी.

केतकी माझी एकुलती एक मुलगी. नागपूरला एका तपासणी प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने बघते. चार वर्षांपूर्वी तिची आई, सुमन गेली, तेव्हाही रजिस्टरच्या क्रमानंच फोन केले. लांबचं आधी, म्हणून पहिला नागपूरला. विचारलं, "जेवलीस का?" केतकी इतक्या आनंदानं "हो बाबा, आत्ताच! आज कसं काय विचारलंत?" म्हणाली की मी एक क्षण थांबलो. मग चार वाक्यं सांगितली. पाचवं सांगितलं नाही. पुढचे दोनशे तेरा फोन बाकी होते.

"दुसरा मार्ग?" मी सोनवलकर बाईंना विचारलं.

"पुनर्विचार अर्ज. त्यासाठी तुमच्या घरी तीस दिवस उंबरठा बसवावा लागेल. तुमच्या आवाजाचा शांत अवस्थेतला नमुना मिळतो."

म्हणजे ज्या यंत्रानं मला दोनशे घरांतून हाकललं, तेच घरात आणून टांगायचं. मी सही केली.

चकती दिवाणखान्यात सुमनच्या फोटोशेजारी बसली, कारण खिळा तिथंच होता. पहिल्याच आठवड्यात केतकीचा फोन आला. मी सवयीनं विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही बाबा. सहज केला."

विचारायचं होतं, बटण का दाबत नाहीस? तुझ्या घरातली ती गोड बाई मला दिवस शुभ जावो म्हणते, ते तुला चालतं? पण मी भीक मागणार नव्हतो. म्हणालो, "बरं. ठेवू?"

असे तीन फोन झाले. तिन्ही वेळा ती 'सहज' म्हणाली, तिन्ही वेळा मी प्रश्न गिळला. मग फोन यायचे बंद झाले. मी मनात म्हटलं, बरोबर आहे. आधी बाप आत येऊ नये म्हणून 'नंतर' दाबायचं, मग आपणही फोन थांबवायचा. आईवर गेली असती तर अशी वागली नसती. कुणावर गेली, हा विचार मी पुढे नेला नाही.

महिनाभर मी चिडून काढला. त्यात तीन मयतं झाली. बातम्या मला बिनचूक पोचल्या, कारण मला येणारे फोन कुणी अडवत नव्हतं. माझ्यापुढे मात्र त्या जात नव्हत्या. मी रजिस्टरमध्ये नोंद करायचो, स्कूटर काढायचो, आणि बाहेरगावचे लोक पुढे मला शिव्या द्यायचे.

तीस दिवस भरले. बुधवारी दुपारी साडेबाराला सोनवलकर बाई स्वतः अहवाल घेऊन घरी आल्या.

"अभिनंदन सर. अर्ज मंजूर व्हायला हरकत नाही. तुमचा आवाज उत्कृष्ट आहे. या महिन्यात तीन मयतांचे फोन आले, तिन्ही वेळा तुमचा अंक चार. चार, सर! लोकांचा चहा पितानासुद्धा नऊ असतो. उलट बातमी ऐकल्यावर तुमचा श्वास संथ होतो. तुम्हाला जरा बरंच वाटतं."

"बरं वाटत नाही. काय करायचं ते कळतं."

"आमच्याकडे ते एकाच रकान्यात येतं." त्यांनी पान उलटलं. "घरी नकोसा आवाज फक्त एक निघाला. तो यंत्रणेनं बंद केलाय. खाली सही करा."

मी चष्मा लावला. 'आवाज: स्त्री, वय अंदाजे चौतीस. नकोसा अंक: अठ्ठ्याऐंशी. परत पाठवलेले कॉल: सतरा.' पुढे वेळा होत्या. सोमवार ते शुक्रवार, रोज दुपारी सव्वाएक. नागपूरच्या प्रयोगशाळेतली जेवणाची सुट्टी.

"ही माझी मुलगी आहे," मी म्हणालो.

"असू शकेल सर. आम्ही नाती बघत नाही."

"तुम्ही तिला सतरा वेळा सांगितलंत की या घराला तिचा आवाज नकोसा आहे?"

"आम्ही नाही सर. तुम्ही सांगितलंत. आम्ही फक्त गोड आवाजात सांगितलं."

बारा पन्नास झाले होते. "बंद करा हे. आत्ता."

"बंदी काढता येते. चकतीसमोर उभं राहून म्हणायचं, 'हा आवाज मला हवा आहे.' खरं असेल तर यंत्र मान्य करतं."

मी चकतीसमोर उभा राहिलो. शेजारी सुमन फोटोतून बघत होती. म्हणालो, "हा आवाज मला हवा आहे."

'आवाजात ताण आढळला,' चकती म्हणाली. 'कृपया शांतपणे पुन्हा म्हणा.'

"हा आवाज मला हवा आहे."

'नकोसा अंक एक्क्याण्णव. कृपया पुन्हा म्हणा.'

"अरे, हवा आहे म्हणतोय ना! सतरा वेळा हाकललंस तिला, आणि मला शांत व्हायला सांगतोस? तिच्यायला तुझ्या, हवा आहे मला!"

'नकोसा अंक अठ्ठ्याण्णव. आपली नोंद दृढ करण्यात आली आहे. धन्यवाद.'

"सर, तुम्ही जरा पाणी पिऊन—" सोनवलकर बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्या हसत नव्हत्या.

मी चकतीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. खिळ्यासकट भिंतीचा पोपडा खाली आला. चकती त्यांच्या हातात दिली. "घेऊन जा. अर्जही घेऊन जा."

"मग सर तुम्ही सगळीकडे कायमचे बंद राहाल. शिवाय हे घर आता उघडं राहील. कुणीही फोन करेल."

"करू दे."

त्या गेल्या. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी तिला फोन करू शकत नव्हतो, तिच्या दारात मला बंदी होती. ती अठराव्यांदा करते की नाही, एवढंच बघायचं होतं. सतरा वेळा ऐकून घेतल्यावर मी तर केला नसता. मी चौथ्यांदासुद्धा केला नसता.

एक वाजून तेरा मिनिटांनी फोन वाजला.

"नमस्कार सर! मी श्रेया, आपल्यासाठी खास व्याजदरात—"

यंत्रच होतं. संपूर्ण महाराष्ट्रात बंद झालेला तो धंदा उघडं घर शोधत फिरत असावा, आणि चकती काढून दहा मिनिटं व्हायच्या आत त्याला माझं सापडलं होतं. मी ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा श्रेया. "सर, आपला कॉल कट झाला वाटतं!" घड्याळात सव्वा वाजला. मी ठेवला. पुन्हा श्रेया. त्या यंत्राला मी असे शब्द वापरले जे एकतीस वर्षांत वर्गात गिळले होते. पलीकडून उत्तर आलं, "आपल्या अमूल्य प्रतिसादाबद्दल आभार."

एक वाजून अठरा मिनिटं. फोन गप्प. एकोणीस. वीस. तिनं लावला असेल आणि श्रेयामुळे लाइन बिझी लागली असेल. आता ती डबा धुऊन कामाला लागली असेल. मी खुर्चीत बसून राहिलो. समोर रजिस्टर, बाजूला भिंतीला पडलेलं भोक. पोटात घास नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं.

एक बावीसला वाजला.

मी उचलला. 'कोण' हा शब्द दातांपर्यंत आला होता. तो परत ढकलला.

"हॅलो," मी म्हणालो.

पलीकडून एक आवाज आला. अडकलेल्या श्वासाचा. आता तो ओळखायला मला रडार लागत नव्हता.

"बाबा?" केतकी म्हणाली. "हॅलो काय म्हणताय? काय झालं? कोण गेलं?"

तिला मी एवढंच शिकवलं होतं.

"कोणी नाही," मी म्हणालो. "सगळे आहेत. मी आहे."

"मग हॅलो का म्हणालात?"

भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत माणूस आपल्या मुलीला काय विचारतो? सगळे विचारतात तेच मला विचारायचं होतं. पण तो प्रश्न मी इतकी वर्षं वापरून नासवून ठेवला होता, आणि तिच्यासाठी तर कायमचा.

"सहज," मी म्हणालो.

मग ती फुटली.

"सहज? सतरा दिवस! सतरा दिवस ती बाई मला सांगतेय, आपला आवाज या घराला नकोसा आहे! माझ्या बापाच्या घराला! मला वाटलं तुम्ही सूड घेताय. मी 'नंतर' दाबलं म्हणून."

"का दाबलंस?"

"कारण तुमचा फोन आला की माझ्या छातीत धस्स होतं, बाबा! आई गेली तेव्हापासून होतं. आणि 'नाही' दाबवेना, कारण तुमचा फोन येतोय म्हणजे निदान तुम्ही तरी आहात. मग काय दाबू? सांगा ना, कुठलं बटण दाबू?"

"मला एक फोन करून हे सांगता येत नव्हतं?"

"केले की! सहज म्हणून तीन केले! 'बरं, ठेवू?' म्हणालात! तिन्ही वेळा!"

"मी प्रश्न गिळत होतो!"

"मग विचारायचंत! गिळायला औषध आहे का ते?"

तिचा आवाज चढला होता, माझाही चढला होता. चकती भिंतीवर असती तर दोघांचे अंक शंभराला टेकले असते आणि आम्हाला दिवस शुभ जावो म्हणून मोकळी झाली असती. तिची सुट्टी दीडला संपायची. एक पस्तीसला ती आईच्या आजारपणात मी कुठला डॉक्टर आधी गाठायला हवा होता यावर आली. मीही तिच्या लग्नातलं काहीतरी काढलं. मागून कुणीतरी तिला हाक मारली, तशी ती त्याच्यावरही खेकसली, "थांबा हो, बाबांशी बोलतेय!"

माझ्या उजव्या हातात पेन होतं. सवयीनं उचललं होतं, नाव आणि वेळ लिहून घ्यायला. मी ते खाली ठेवलं, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणालो, "हं. बोल पुढे."